हरवलेल्या कार्डांचं पत्रक

चहा निवायच्या आत पत्रक लिहून देणारी मुलगी, अशी आमच्या मंडळात माझी ख्याती होती. नळाला पाणी नाही, काढा पत्रक. रॉकेल काळ्या बाजारात जातंय, काढा पत्रक. मथळा जाड, वाक्यं तोकडी, शेवटी 'जाब द्या'. जाब कोणी दिला की नाही, हे बघायला मी सहसा थांबत नसे. तोवर दुसऱ्या पत्रकाची वेळ व्हायची.

हे एक पत्रक मात्र माझ्या मानगुटीवर बसलं आहे. अजून उतरत नाही.

जोगेश्वरीला आमच्या शेजारच्या खोलीत एक ताई राहायची. माझ्याहून थोडी मोठी, पण अख्खी चाळ तिला ताईच म्हणायची. मॅट्रिक झालेली, टायपिंगची परीक्षा पास झालेली. तिने अंधेरीच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातलं होतं. वशिला नसलेल्या माणसाला नोकरीचा तोच एक रस्ता. कुठे जागा निघाली की एक्स्चेंज नावं पाठवणार, ज्याने आधी नोंदवलं त्याचं आधी. मग घरी पोस्टाने बोलावणं यायचं. त्याला सगळे 'कॉल' म्हणत. आपण एवढंच करायचं, की ठरलेल्या मुदतीत तिथे जाऊन आपल्याजवळच्या कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. नोकरी अजून हवी आहे, असा त्याचा अर्थ. शिक्का चुकला की नाव रद्द.

ताईने शिक्का कधी चुकवला नाही. अंगात ताप असतानाही बस धरून गेली. कार्ड शिक्क्यांनी भरलं, त्याला दुसरं जोडलं, तेही भरत आलं. कॉल काही आला नाही. तिच्या मागून नाव घातलेले आमच्याच चाळीतले दोन मुलगे नोकरीला लागले, त्यांचे पेढे तिने खाल्ले.

तिचा भाऊ साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. घर त्याच्यावर चाललेलं. आई मालवणकडची, तोंडाने फटकळ. "हिका कोण बोलवतलो?" असं ती दारात तांदूळ निवडता निवडता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. त्या वर्षी कांजूरमार्गचं एक स्थळ आलं आणि घरात ठरलं, की कॉल आला तर थांबू, नाही आला तर वैशाखात उरकून टाकू.

ताई मला म्हणाली, "माणूस वाईट नाहीये गं. पण मला आधी नोकरी हवी. लग्न झाल्यावर मागायला गेले तर ती मागणी होते. आधीच असली तर ती असते."

मी म्हटलं, बघतेच मी त्या एक्स्चेंजकडे.

मला बघता येण्यासारखं होतंही, कारण त्या ऑफिसात मी काम केलेलं होतं. आदल्याच वर्षी वरून हुकूम आला होता, की सगळं मराठीत करा. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक माणसाची दोन कार्डं. मोठ्या कार्डावर सगळी माहिती. ती कामाच्या प्रकाराप्रमाणे आणि नोंदणीच्या क्रमाने लावलेली. आणि एक लहान कार्ड, नावाचं. त्याच्यावर फक्त नाव आणि मोठं कार्ड कुठे आहे त्याचा नंबर. लहान कार्डं लाकडी खणांत आडनावाप्रमाणे उभी लावलेली. नाव सांगितलं की लहान कार्ड काढायचं, नंबर बघायचा, मोठं कार्ड गाठायचं. ही लहान कार्डं इंग्रजीत होती. ती मराठीत लिहून काढायला त्यांनी नाव घातलेल्यांतूनच काही मुलंमुली तात्पुरती घेतली. त्यात मी आणि माझी एक वर्गमैत्रीण. मुलगे बाहेर कारकुनाच्या टेबलाशी बसून पहिले खण करत, आम्ही दोघी आतल्या खोलीत पुढच्या अक्षरांचे. मराठीचं काम म्हणून मी अगदी छाती काढून केलं. माझं त्या वेळचं एक पत्रकही आहे, 'आपली भाषा, आपली कार्डं'.

तर त्या ओळखीच्या जोरावर आम्ही ऑफिसच्या फाटकाशी टेबल टाकलं. ज्यांचे शिक्के नियमित आहेत आणि कॉल नाही, त्यांनी यावं, म्हटलं. माणसं आली. अंधेरीची, बोरिवलीची, पार मुलुंडहून. सगळ्यांची गोष्ट ताईचीच. खिडकीशी जावं, कारकुनाने खण ओढून बोटं फिरवावीत, "मिळत नाही, नंतर लावतो" म्हणावं, हातातल्या कार्डावर शिक्का ठोकावा आणि पुढच्याला बोलवावं.

तो कारकून काही देवमाणूस नव्हता, हे आधीच सांगते. वयस्कर, तोंडात सदा तंबाखू, समोर बाई असली की "काय गं, काय पाहिजे" म्हणून अंगावर येणार. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत, मीही काम करताना म्हणायचे. मला तो आवडत नव्हता. पत्रक लिहायला तेवढं पुरलं.

'कार्डं गिळणारा कारकून.' हा मथळा. खाली लिहिलं, की ज्यांनी हात ओले केले त्यांची कार्डं वर, बाकीच्यांची पोटात. पुरावा? पुरावा माझा संताप. आणि मी आतली माहितगार, म्हणजे मी म्हणते तर असेलच, असं सगळ्यांना वाटलं. मला स्वतःलाही वाटलं. सायक्लोस्टाइल करून आम्ही ते फाटकाशी वाटलं, बसस्टॉपवर वाटलं. मंडळातल्या एकाने ते भाऊसाहेबांच्या बिऱ्हाडाच्या दारावर नेऊन चिकटवलं. हे मला नंतर कळलं. कळल्यावर मी हसले होते, तेही लिहून ठेवते.

पण तक्रारी ऐकता ऐकता काही गोष्टी जुळेनात. मंडळातला एक म्हणाला, हा सगळा परप्रांतीयांचा डाव आहे, मराठी कार्डं दाबतायत. तेवढ्यात घाटकोपरची एक गुजराती मुलगी आणि मुलुंडची एक मद्रासी मुलगी अगदी तीच तक्रार घेऊन टेबलाशी उभ्या राहिल्या. मग माझ्या लक्षात आलं, की टेबलाशी येणाऱ्या सगळ्या बायकाच आहेत. मी मंडळात तसं म्हटलं, तर दुसरा म्हणाला, "मुलगे कशाला येतील? रडायला काय, पोरीच येणार." मी त्याला झाडला. पण नुसता झाडला. बायकाच का, हा प्रश्न घेऊन मी खणापर्यंत गेले नाही, सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलपर्यंत गेले. दुसरं पत्रक निघालं, 'हा कारकून बायकांचा वैरी'.

आणखी एक होतं. काही मुलींना कॉल येत होते. ज्यांची आडनावं पहिल्या अक्षरांतली होती त्यांना, आणि ज्यांनी अलीकडे नाव घातलं होतं त्यांना. मागच्या चाळीतल्या एका मुलीने जेमतेम चार महिन्यांपूर्वी नाव घातलेलं आणि तिला कॉल आला. डोकं जाग्यावर असतं तर इथेच थांबून विचार केला असता. नव्यांची कार्डं सापडतात, जुन्यांची नाही. पहिल्या अक्षरांतल्यांची सापडतात, पुढच्यांची नाही. माणूस बघून कार्ड गिळणारा कारकून अक्षर बघून कशाला गिळेल? पण माझ्याजवळ उत्तर तयार होतं. त्या दुसऱ्या पत्रकात मी लिहिलं, 'काही जणींना भाऊसाहेबांची वाट सापडलेली दिसते.'

हे वाक्य मी लिहिलं. एका मुलीने दुसऱ्या मुलींबद्दल. त्या मागच्या चाळीतल्या मुलीला नळावर बायकांनी विचारलं, काय गं, तुला कुठली वाट सापडली? ती दुसऱ्या दिवसापासून नळावर आपल्या आईला पाठवायला लागली. माझ्याशी ती आजही बोलत नाही, आणि बोलावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

फाल्गुन लागला. ताईच्या घरी कांजूरमार्गची माणसं येऊन गेली. तिने मला जिन्यात गाठून विचारलं, की काही होतंय का, नसेल होत तर स्पष्ट सांग. मी म्हटलं, उद्या आत घुसतोच.

आम्ही घुसलो नाही. बाहेर घोषणा द्यायला लागलो तेव्हा आतून मोठे साहेबच आले. थकलेला माणूस. म्हणाले, "तुम्हाला वाटतं कार्डं आम्ही खातो. या आत. काढून दाखवा एखादं."

मी आणि मंडळातले दोघे आत गेलो. भाऊसाहेब खिडकी सोडून आतल्या टेबलाशी बसायला लागले होते. बाहेर बसलं की लोक पत्रकातली वाक्यं तोंडावर म्हणत. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कोणाचं काढू, एवढंच विचारलं. मी ताईचं नाव सांगितलं. त्यांनी 'प'चा खण ओढला, अंगठ्याने कार्डं मागे टाकत गेले, आडनाव आलं, थांबले. ते आडनाव आमच्या भागात पुष्कळांचं. एकेक कार्ड वर करून त्यांनी साहेबांना दाखवलं. सगळे पुरुष. मग पुढचं आडनाव सुरू झालं.

"नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"सरका," मी म्हटलं.

मी खणाशी उभी राहिले. विचार केला नाही. माझा हात त्या आडनावावर थांबलाच नाही. 'प'ची सगळी कार्डं ओलांडून तो पुढच्या अक्षराच्या पुठ्ठ्यापर्यंत गेला, तिथून थोडा अलीकडे आला, आणि ताईचं कार्ड माझ्या बोटांत होतं. माझ्याच अक्षरातलं.

"सापडलं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "डोळे कुठे असतात हो तुमचे?" मंडळातले दोघे टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

भाऊसाहेबांनी कार्ड घेतलं नाही. ते खणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू तिकडे का गेलीस?"

"कुठे?"

"आडनाव इथे आहे. तू तिकडे मागे का गेलीस?"

"मुली मागे असतात ना," मी म्हटलं.

इतक्या सहज म्हटलं, की ते वाक्य माझ्या कानावर पडायला थोडा वेळ लागला. साहेबांनी खण स्वतःकडे ओढला. 'प'ची आमच्या अक्षरातली कार्डं बघितली. सगळे पुरुष, आडनावाच्या क्रमाने, अगदी बिनचूक. ते संपले की सगळ्या बायका, पुन्हा पहिल्यापासून, आडनावाच्या क्रमाने, अगदी बिनचूक. त्यांनी 'म' काढला. तेच. 'व' काढला. तेच. मग पहिले खण काढले, मुलग्यांनी भाऊसाहेबांच्या टेबलाशी बसून केलेले. तिथे पुरुष आणि बायका एकाच ओळीत. आमच्या खणांत जी नवी कार्डं नंतर भाऊसाहेबांनी घातली होती, ती मात्र मुलींचीसुद्धा पुढच्याच ओळीत, आडनावाच्या जागी. म्हणून त्या नव्या मुली सापडत होत्या. त्यांना कुठलीही वाट सापडलेली नव्हती.

शाळेतला हजेरीपट ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय केलं हे सांगायला नको. आधी मुलगे, एकपासून. मुलगे संपले की मुली. मी मॉनिटर होते, बाईंचा हजेरीपट दर जूनमध्ये मीच लिहून द्यायचे. मैत्रीणही त्याच शाळेतली. "आडनावाप्रमाणे लावा," एवढंच आम्हाला सांगितलं होतं, आणि आम्हाला नावं लावण्याची तेवढी एकच रीत माहीत होती. आम्ही एकमेकींना विचारलंसुद्धा नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. हुंड्यावर पत्रक लिहिणारी मी, मुलींना अर्धी फी माफ करा म्हणून शाळेच्या दारात बसलेली मी. कोणी हुकूम केला नव्हता, दम दिला नव्हता. आतल्या खोलीत पंख्याखाली बसून, गाणी गुणगुणत, आम्ही दोघींनी उपनगरातल्या निम्म्या बायकांना उचलून मागे नेऊन ठेवलं.

कारकुनाचा दोष होता. तो मी आजही माफ करत नाही. लहान कार्ड सापडलं नाही तर त्याने मोठं कार्ड हुडकायला हवं होतं. त्याने ते केलं नाही. हातातल्या कार्डावर शिक्का मारून बाईला वाटेला लावलं. तोच शिक्का ऑफिसातल्या मोठ्या कार्डावरही मारायचा असतो, तो पडलाच नाही. मुदत संपल्यावर बिनशिक्क्याची मोठी कार्डं रद्द धरून सुतळीने बांधली गेली आणि माळ्यावर गेली. ताई शिक्क्यांनी भरलेलं कार्ड पर्समध्ये घेऊन फिरत होती आणि ऑफिसच्या हिशेबी तिला नोकरीच नको होती. असं का केलंत, असं साहेबांनी विचारलं तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "गर्दी असते. शिक्का मिळाला की बाई जाते. मला वाटायचं झालं काम." हा त्यांचा गुन्हा, आणि तो लहान नाही. पण आम्ही छापला तो हा गुन्हा नव्हे. आम्ही छापलं की ते पैसे खातात.

साहेब चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बसा आता. एका ओळीत लावून द्या." मंडळातल्या दोघांना तेवढ्यात काम आठवलं. मी बसले. भाऊसाहेबही बसले. आम्ही खण मांडीवर घेऊन मागची कार्डं पुढे घालत गेलो, बरेच दिवस. ते "काय गं" म्हणत नव्हते. शेवटच्या खणाला त्यांनी एकदा विचारलं, की पैसे खाल्ले नाहीत असं तू कागदावर लिहून देशील का. मी म्हटलं, साहेबांना देते. ते म्हणाले, "ऑफिसात मला कोणी विचारलेलं नाही. घरी दाखवायला पाहिजे." मी लिहून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला चार ओळी लिहायला अख्खी दुपार लागली.

माळ्यावरचे गठ्ठे खाली आले. ज्यांच्या हातातल्या कार्डावर शिक्के आहेत त्यांचा जुना क्रम परत मिळेल, असं साहेबांनी ठरवलं. गेलेले कॉल गेले.

मंडळात मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, की चूक आपली, पत्रक आपलं, तेव्हा माफीचं पत्रकही आपणच काढू. कोणी ऐकून घेईना. "लोक हसतील ना. आणि कार्डं सापडली ती कोणामुळे? आपण ओरडलो म्हणूनच ना?" मी लिहायला नकार दिला तर त्यांनीच लिहिलं. 'मंडळाचा दणका, कार्डं बाहेर!' जाड मथळा, तोकडी वाक्यं. माझ्याच पत्रकांवरून शिकले होते, वाचताना मला माझा आवाज ऐकू येत होता. खाली माझं नाव घालून माझे आभार मानले होते.

ते पत्रक माझ्या आधी ताईच्या घरी पोचलं. मी गेले तेव्हा भावाने वाचून ते कपाटावर ठेवलेलं होतं. आई म्हणाली, "बाय गो, तुझा नाव झाला." आमच्या चाळीत आत ये असं कोणी कोणाला म्हणत नाही, माणूस आत असतोच. त्या दिवशी मी उंबऱ्यावर उभी राहिले. साखरपुडा होऊन चार दिवस झाले होते. ताई ट्रंकेत साड्या रचत होती.

मी तिला सांगितलं, की तुझं कार्ड मिळालं, क्रम परत मिळाला, आता टायपिस्टची पहिली जागा निघेल तेव्हा तुझं नाव वर असेल. तिचे हात थांबले. कुठे होतं, म्हणाली. मी सांगितलं. कोणी ठेवलं होतं, म्हणाली. तेही सांगितलं. पत्रकात हे नाही, असं तिने म्हटलं नाही. मीच म्हटलं.

ती साडीची घडी हाताने सारखी करत होती. चिडेल, रडेल, मला काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले होते. खरं सांगायचं तर बोलावं असं मला वाटत होतं. म्हणजे फिटलं असतं.

"लग्न झाल्यावर माझं नाव बदलणार," ती म्हणाली. "आडनाव तर बदलणारच, पहिलं पण बदलणारेत. मग हे कार्ड?"

मी सांगितलं, की लग्नाचा कागद घेऊन जायचं, जुनं लहान कार्ड काढून नव्या नावाचं करतात आणि नव्या आडनावाच्या जागी लावतात. नंबर तोच राहतो. क्रमही तोच राहतो. कांजूरमार्ग याच ऑफिसात येतं. मला सगळं तोंडपाठ होतं. "कागद मिळाला की माझ्याकडे दे," मी म्हटलं. "मी स्वतः जाऊन लावून येते."

"तू नको," ताई म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा होता. "मी जाईन. माझ्यासमोर लावायला सांगेन."

मी बरं म्हटलं. तिने ट्रंकेचं झाकण लावलं आणि आईला विचारलं, की चहा टाकू का. किती कप, ते आईने माझ्याकडे बघून विचारलं. ताई म्हणाली, तिला जायचंय.